पाठ झालेला तक्ता

प्रिय रोशनीबाई,

हे पत्र मी आठ दिवसांपासून लिहितो आहे. खरं सांगायचं तर आठ दिवसांपासून लिहीत नाहीये. पहिल्या दिवशी दुकानात गर्दी होती. दुसऱ्या दिवशी कागद आणायला निघालो तर तहसीलसमोर धानाची ट्रॉली उलटली होती, रस्ताभर पोती. ती उचलू लागलो, त्या माणसानं चहा पाजला, आणि गोष्टी करता करता मी त्याच्या ट्रॅक्टरवर बसून त्याच्या गावाला जाऊन आलो. कागद राहिलाच. तिसऱ्या दिवशी काय झालं ते आठवत नाही. तू म्हणशील, हा काही सुधारला नाही. नाहीच सुधारलो. पण या वेळी नुसत्या माझ्या स्वभावानं उशीर झाला नाही बाई, भीतीही वाटत होती. माझा फोन तू पावणेदोन वर्षांपासून ब्लॉक करून ठेवला आहेस आणि त्याचं कारण मीच आहे, ते पुढे येईल. आधी एवढं सांगतो की आपला बा बरा आहे. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरली असशील तर घाबरू नको. कोणाचं काही वाईट झालेलं नाही. उलट मी गेले आठ दिवस इतका हलका झालोय की सुरेंद्रभाऊ म्हणतात, याला दोरीनं बांधून ठेवा.

सुरेंद्रभाऊ म्हणजे माझे मालक. मी आता चामोर्शीत एका चष्म्याच्या दुकानात आहे. हसू नको. घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात चार महिने काढले, तिथली धूळ अजून कानातून निघते. मग टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेलो. सिरोंच्याच्या पुलावरून आमची गाडी गेली तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि तुझं घर कोणत्या बाजूला असेल ते मी खिडकीतून पाहत होतो. उतरावं असं फार वाटलं, पण उतरून बोलायचं काय ते सुचेना. मिरचीनं डोळे सुजले, परत आलो, आणि चामोर्शीत या दुकानाच्या काचेवर मोठा डोळा काढलेला दिसला म्हणून औषध मागायला आत शिरलो. सुरेंद्रभाऊ शिडीवर चढून बल्ब बदलत होते. म्हणाले, हे चष्म्याचं दुकान आहे, औषधाचं नाही, पण आलाच आहेस तर शिडी धर. ती धरली, तेव्हापासून इथंच आहे. सहा महिने झाले. माझ्या हिशेबानं हा फार मोठा मुक्काम.

काम मला आवडतं. तक्ता लावायचा, म्हातार्‍यांना खुर्चीत बसवायचं, नाकावर लोखंडी फ्रेम चढवून तिच्या खाचेत एकेक काच टाकायची आणि विचारायचं, ही बरी का ती बरी. कोणाची काडी सैल झाली तर आवळून द्यायची. माणसं तर अशी येतात की काय सांगू. एक इतवारी आजोबा आहेत, त्यांचा अक्षरांवर विश्वास नाही. ते खिशातून मूठभर तांदूळ काढून टेबलावर पसरतात, त्यातला खडा दिसला की चष्मा पास. एक रुखमाबाई आल्या होत्या, सुनेला चष्मा लागला म्हणून त्यांनाही हवा होता. नंबरच निघाला नाही तर अशा रुसल्या की जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि एक गोष्ट मी या खुर्चीपाशी उभा राहून शिकलो. माणूस तिच्यात बसला की शाळेत परीक्षेला बसल्यासारखा होतो. अक्षर दिसत नाही असं कोणी म्हणत नाही. अंदाजानं ठोकून देतो, नाहीतर शेजारच्याकडे पाहतो. मी शाळेत तेच करत होतो, म्हणून मला लगेच ओळखू येतं. मला असं वाटत होतं की मला लगेच ओळखू येतं.

आपल्या गावात सुरेंद्रभाऊ चार वर्षांपासून धान निघालं की समाजमंदिरात डोळ्यांची तपासणी लावतात. तुला हे माहीत नसेल, तुझं लग्न झाल्यानंतरचं आहे. या वर्षी पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत होतो, म्हणजे ते काचांची पेटी घेऊन गाडीवर पुढे आणि मी तक्त्याची गुंडाळी घेऊन एसटीनं मागे. फाट्यावर उतरलो तर तिथं नाटक कंपनीचा ट्रक उभा होता. आता झाडीपट्टीत नाटकांचे दिवस, तुला ठाऊक आहे माझं काय होतं. ट्रकवरचा नाटकाचा एक पडदा सुटून लोंबत होता, सिंहासन खाली उतरवून पुन्हा चढवायचं होतं, मी हात लावला. सिंहासनाला एका बाजूनं खिळे निघालेले, म्हणून गुंडाळी त्याच्या बैठकीवर ठेवून मी खिळे ठोकत बसलो. त्यांच्यातल्या एकानं खूश होऊन मला नाटकाची मोठी जाहिरात दिली. ट्रक आरमोरीकडे निघून गेला आणि मी जाहिरात काखेत मारून समाजमंदिराच्या दारात पोहोचलो तेव्हा लक्षात आलं की तक्ता सिंहासनावर बसून आरमोरीला गेला.

सुरेंद्रभाऊंनी मला ज्या शिव्या दिल्या त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. पण बाकांवर चाळीस माणसं बसलेली. मग जाहिरात उलटी केली, मागची बाजू पांढरी होती, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातून मार्कर आणला, सुरेंद्रभाऊ पट्टीनं उंची मोजून देत गेले आणि मी मनाला येतील ती अक्षरं काढत गेलो. वर एक मोठा म, खाली स आणि ह, त्याखाली आणखी बारीक. अक्षरं जरा वाकडी आली, पण काम चाललं.

बा शेवटी, सगळ्यांचं वाचून झाल्यावर आला. तो दरवर्षी शेवटी यायचा म्हणे, आधी सगळ्यांचं होऊ द्या म्हणायचा. सुरेंद्रभाऊ त्याचं कौतुक करायचे, चार वर्षांत या माणसाचं एकही अक्षर चुकलं नाही. आपल्यालाही त्यात नवल नव्हतं. या वयात तो सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतो, जाळ्याचं बारकं भोक बोटानं नाही, डोळ्यानं शोधतो. तुला आठवत असेल, माय गेली त्या वर्षी त्याला जवळचं जरा धूसर दिसायला लागलं होतं आणि मग ते आपोआप सुधारलं. सगळं गाव म्हणायचं, मनसारामचे डोळे उलटे तरुण होऊन राह्यले. डोंग्याच्या नाकावर उभा राहून जाळं कुठं टाकायचं ते तोच सांगतो. सोसायटीत तसा नेमच आहे ना, ज्याला दूरचं दिसत नाही त्यानं डोंग्यात पाय ठेवायचा नाही, काठावर बसून जाळी शिवायची.

मी त्याला खुर्चीत बसवलं, डावा डोळा पुठ्ठ्यानं झाकला आणि काडी वरच्या मोठ्या म वर टेकवली. बा म्हणाला, ग. मला वाटलं, मस्करी करतो. मी काडी खाली नेली. तो म्हणाला, ल, प. मग मी काडी न हलवताच तो पुढे निघाला, र, ट, न, आणि शेवटच्या बारीक ओळीपर्यंत कुठं न अडखळता गेला. उजवा डोळा झाकला, पुन्हा तेच, त्याच चालीत. आपण शाळेत पाढे म्हणायचो तसं. सगळं बरोबर होतं बाई. फक्त ते माझ्या कागदावर नव्हतं. बा आरमोरीला गेलेला तक्ता वाचत होता.

चार वर्षं बाकावर शेवटी बसून, पुढच्या चाळीस माणसांचं ऐकून ऐकून त्यानं तो पाठ केला होता, म्हणून या वर्षी ऐकत बसायला आलाच नव्हता. मागे सोसायटीचे अध्यक्ष नथ्थूभाऊ कोणाशी तरी तलावाच्या पाण्यावरून वाद घालत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, बरोबर आहे बा. सुरेंद्रभाऊंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेनाचं टोपण लावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मनसारामभाऊंचं छान आहे, पण उद्या दुकानात डॉक्टर येणार आहेत, या वयाच्या लोकांच्या डोळ्यांचा पडदा पाहून घेतात, तेव्हा उद्या त्यांनी यावं. त्या माणसानं मला दिवसभर शिव्या दिल्या होत्या, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांची शिडी जन्मभर धरीन.  खुर्चीतून उठताना बानं आधी हातानं खुर्चीचा दांडा चाचपला, आणि मला कळेना की हे मी याआधी कसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. बाची एक नवीन सवय आहे, तुला माहीत नाही. समोरून जो येईल त्याला हा लांबूनच रामराम घालतो, ओळखीचा असो नसो, पोराटोरांनासुद्धा. गावात लोक हसतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहणार म्हणतात. मीही हसायचो. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला कोणीतरी मोटरसायकल लावून तिच्यावर रेनकोट वाळत घातला होता. बानं त्यालाही रामराम घातला. मी हसलो नाही. ही सवय त्याला कधीपासून लागली ते मी मनात मोजत होतो, आणि मोजून ज्या दिवसापाशी पोहोचलो तो दिवस तुझा होता.

डॉक्टर आत बाला तपासत होते तेव्हा मी बाहेर पायरीवर बसलो होतो. सुरेंद्रभाऊंनीच मला मागे सांगितलं होतं, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. तेवढंच डोक्यात फिरत होतं. इतकी वर्षं हा माणूस धुक्यात डोंगा हाकत होता आणि मी घुग्घुस काय, मिरची काय. शेवटी आत बोलावलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आतल्या गाभ्यातला. काचबिंदू नाही. पडदा स्वच्छ आहे. हा मोतीबिंदू माणसाला फसवतो, दूरचं नेतो आणि जवळचं सुधारून देतो, म्हणून सुई दिसायची. ऑपरेशननं सगळं येईल, तोपर्यंत चष्म्यानं पुष्कळ काम भागेल. मी दोनदा विचारलं, काचबिंदू नाही ना. तिसर्‍यांदा विचारलं तर त्या हसल्या. मी बाहेर आलो आणि मला एवढी भूक लागली की समोरच्या गाड्यावर उभ्या उभ्या भजी खाल्ली, किती ते आठवत नाही, बासाठी बांधून घेतलेलीही खाल्ली.

पडदा पाहायला बाच्या डोळ्यांत घातलेलं औषध उतरायला चार वाजले. सुरेंद्रभाऊंची पद्धत अशी की दूरचा नंबर ते तक्त्यावर काढतात आणि रस्त्यावर पक्का करतात. काचा घातलेली ती लोखंडी फ्रेम तशीच नाकावर ठेवून माणसाला दारात उभं करतात. बा दारात उभा राहिला. ती फ्रेम घातल्यावर सगळीच माणसं बोर खोदायच्या मशीनसारखी दिसतात. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू इतका काळा कवा झाला रे?" मग तो रस्ता पाहू लागला. बाजाराचा दिवस होता.  सुरेंद्रभाऊंनी विचारलं, काच हलकी करू का. त्यानं नुसता हात केला, थांबा म्हणून. रस्त्यावरची नजर न काढता त्यानं मला विचारलं, "रोशनी त्या दिवशी कुठी उभी होती?"

तुला तो दिवस सांगायची गरज नाही, पण मला तो एकदा लिहून काढू दे. मागच्या वर्षीची महाशिवरात्र. तू मार्कंड्याच्या जत्रेला आली होतीस, लग्नानंतर पहिल्यांदा या बाजूला. बा तुझ्या लग्नाला आला नव्हता, म्हणून तू मनाशी ठरवलं होतंस की आपण हाक मारायची नाही, त्यानं पाहून हाक मारली तरच घरी जायचं. मयुरी कडेवर होती, आठ महिन्यांची. चामोर्शीच्या बाजारात तो समोरून आला, तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तसाच पुढे निघून गेला. तू रडत मला फोन केलास. मी संध्याकाळी घरी जाऊन बाला विचारलं, रोशनी दिसली होती का तुला. तो जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, दिसली, मुद्दाम नाही बोललो. आणि मी ते शब्द जसेच्या तसे दुसऱ्या दिवशी तुला फोनवर सांगितले. एखादा शहाणा भाऊ असता तर त्यानं ते गिळले असते, निदान एक दिवस थांबला असता. मी कुठल्याच गोष्टीला थांबत नाही आणि नेमका त्या गोष्टीलाही थांबलो नाही. त्यानंतर तू माझा फोन घेतला नाहीस, आणि घेतला नाहीस ते बरोबरच केलंस.

तर दुकानाच्या दारातून मी बाला बोट करून दाखवलं, ते समोर भांड्यांचं दुकान आहे ना, त्याच्या पायरीपाशी. बानं तिकडे पाहिलं. तिथं एक बाई नव्या गंजाचं बूड बोटानं ठोकून पाहत होती. दहा-बारा पावलांचं अंतर असेल.

"इतक्या जवळ होती?" बा म्हणाला.

फ्रेमच्या खाली हात घालून त्यानं डोळे पुसले तर एक काच खाली पडली आणि सुरेंद्रभाऊ आत निघून गेले. मग बा माझ्याकडे न पाहता बोलला. "तू सांगतलं तवा मले समजलं का ते तिथं होती. मले तं सगळे लोकं चुन्यावानी पांढरे दिसत होते. तुले काय सांगू मंग, आंधळा झालो म्हणू? डोंग्यातून उतरवलं असतं मले. म्हनून म्हटलं, मुद्दाम नाई बोललो." त्याला वाटलं होतं की रागावलेला बाप पोरीला चार दिवसांनी समजून घेता येईल, आणि चार दिवसांनी तो काहीतरी करून सुधारून घेईल. तेवढ्यात मी फोन केला होता. त्या दिवसापासून तो रस्त्यावर प्रत्येकाला रामराम घालतो.

तू हे वाचून माझ्यावर आणखी चिडशील तर चिड. बावर चिडू नको. खोटं बोलला हे खरं, पण ते तुझ्यासाठी नव्हतं बोललेलं, पाण्यासाठी होतं, डोंगा सुटू नये म्हणून. नथ्थूभाऊंना त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं, तक्त्याचं सगळं. मला वाटलं आता डोंगा गेला. नथ्थूभाऊ एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि म्हणाले की ऑपरेशन होईपर्यंत काठावर बस, मग तुझी जागा तुझीच, पण तो तक्ता आम्हाला म्हणून दाखव. बानं म्हणून दाखवला. आता सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना तो पाठ आहे. सुरेंद्रभाऊंनी बाकाच्या आणि तक्त्याच्या मध्ये कापडाचा पडदा लावायला घेतला आहे, आणि पडदा शिवून आणायचं काम माझ्याकडे आहे, तेही राहिलंय.

आता हे पत्र कशाला ते सांगतो. पुढच्या महिन्यात गडचिरोलीला बाचं ऑपरेशन आहे. कागद भरायचे होते, ते मी भरत होतो. त्यात एक रकाना असतो, सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव. मी माझंच लिहायला घेतलं तर बा म्हणाला, तिथं रोशनीचं नाव लिही. मी म्हटलं, बा, ती आपल्याशी बोलत नाही. तो म्हणाला, तू लिही, आणि तिला पत्र लिहून सगळं कळव, फोनवर सांगू नको, फोनवर तू नासवतोस. मी नाव लिहिलं. रोशनी, राहणार सिरोंचा. पत्र मात्र लिहिलं नाही. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो, पत्र टाकलं का. मी रोज सांगतो, टाकलं. कालही सांगितलं, टाकलं म्हणून, पाच दिवस झाले, उत्तर येईलच. म्हणून आज सकाळी दुकान उघडल्याबरोबर बसलो आणि एका बैठकीत इथपर्यंत आलो. तू ये बाई. तुझ्या नवऱ्याला, माझ्या भाटव्यांना घेऊन ये, मयुरीला घेऊन ये. तारीख मी खाली लिहीत होतो, पण थांब. दारात बा उभा आहे. एकटा. गावाहून एकट्यानं एसटीनं आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी, नाकावर नवा चष्मा. मी काउंटरच्या मागे अगदी आतल्या कोपर्‍यात बसलोय, आणि तो दारातूनच म्हणाला, "अजून लिवूनच राह्यला का बे?" आता विचारतो आहे की सिरोंच्याची गाडी किती वाजता आहे. उत्तराची वाट पाहून थकला म्हणे, स्वतःच जातो. पत्र दे म्हणतो, मीच देतो तिला. तेव्हा मी इथंच थांबतो, कागदाची घडी करून त्याच्या खिशात घालतो आहे.

तुझाच,
प्रफुल